पावसाचं घर

नारीनने दाताळं आडवं धरलं आणि उकडलेल्या गव्हाचा थर एका दमात पलटून टाकला. वरचे दाणे कडक झाले होते, खालचे अजून बोटाला चिकटत होते. काँक्रीट चपलेतूनसुद्धा भाजत होतं, पण गव्हाला तेच हवं होतं. सैन्याने बांधलेल्या त्या दोन हजार मीटर धावपट्टीचा झेवाशीन गावाला तीस वर्षांत एवढाच काय तो उपयोग झाला होता: गहू वाळवायचा, लग्नात हात धरून नाचायचं आणि नव्या सुनांनी गाडी चालवायला शिकायचं. सैन्य गेल्यापासून विमान काही उतरलं नव्हतं.

पट्टीच्या कडेला तेमेरकाकांची गाडी थांबली. काका उतरले, कमरेचा पट्टा सारखा केला आणि गव्हाला वळसा घालून हळूहळू येऊ लागले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पण चाल अजून फौजेतली. अर्ध्या वाटेवर थांबून त्यांनी काँक्रीटवरची लाल रंगाची फुली चपलेने घासून पाहिली. मोजणीवाल्यांनी वसंतात मारलेली ती फुली तशी निघणारी नव्हती.

"झाला का गहू, पोरी?"

"उद्यापर्यंत होईल. उकडला तेव्हा अख्खं गाव वाटी घेऊन आलं, तुम्ही तेवढे फिरकला नाहीत. तुमचा वाटा शेवटी कोंबड्यांना घातला."

"मला दात कुठे राहिलेत?"

"जीभ तर आहे ना जागेवर? त्याच कामाला आलात वाटतं."

काका हसले. मग हसू आवरून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बसायला काही नव्हतं, म्हणून रिकाम्या पोत्यावर टेकले.

"उद्या दहा वाजता," ते म्हणाले. "जमीन कचेरीत. मिनीबस सांगितली आहे, सगळे येणार आहेत. तुला फार बोलायचं नाही, चार वाक्यं."

नारीन दाताळं ओढत राहिली. कुठली चार वाक्यं ते तिला पाठ होतं. तिलाच काय, गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

गोष्ट अशी होती. एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात जुन्या सरकारचा एक अधिकारी कागद घेऊन गावात आला. नारीनचा बाप मिस्तो याचं घर वेशीवर पहिलं, म्हणून अधिकाऱ्याने पहिलं त्यालाच अरबीत विचारलं, इथे मतार झालेलं चालेल का? आता मतार म्हणजे विमानतळ आणि मतर म्हणजे पाऊस. अरबांच्या तोंडात ते दोन वेगळे शब्द आहेत, आमची भाषा वेगळी, आमच्या कानात दोन्ही एकच. मिस्तो म्हणाला, अहो साहेब, न चालायला काय झालं, दोन वर्षं वाट बघतोय! आणि त्याने खुशाल अंगठा उठवला. पहिल्या घराने उठवला म्हणून मागोमाग अकरा घरांनी उठवला. पंधरा दिवसांत बुलडोझर आले. मिस्तो कचेरीत जाऊन अधिकाऱ्याला शिव्या देऊन आला आणि त्यासाठी चौदा महिने आत बसला. बारा घरांची रानं काँक्रीटखाली गेली.

तेव्हापासून ते पावसाचं घर. आभाळ भरून आलं की लोक म्हणायचे, मिस्तोला शाई द्या रे कोणीतरी. दुष्काळ पडला की म्हणायचे, मिस्तो, अजून एखादं रान देऊन टाक ना. नारीनच्या लग्नात वऱ्हाड छत्र्या घेऊन आलं होतं, ऐन ऑगस्टात, आमच्याकडे थेंबही पडत नाही तेव्हा. ती विधवा होऊन बापाच्या घरी परत आली तेव्हाही कोणीतरी दारात म्हणालंच, ये गं बाई, तुझ्या घरात ओल कमी पडली होती. आणि या सगळ्यांत मोठं हसू तेमेरकाकांचं. सैन्यात राहून आलेला, गावातला एकटा अरबी येणारा माणूस. ते दर वेळी शेवटी कपाळावर हात मारून म्हणायचे, मी नेमका त्या दिवशी गिरणीवर गेलो होतो हो, नाहीतर मी सांगितलं नसतं का?

आता जिल्ह्याला नागरी विमानतळ हवा होता. हीच पट्टी लांब करायची, भोवती कुंपण घालायचं. नोटीस आली होती की ही जमीन गावकऱ्यांनी एकोणऐंशीत राजीखुशीने सरकारला दिली आहे. कोणाची हरकत असेल तर पुराव्यासह यावं. पुरावा म्हणून गावाकडे काय होतं? मिस्तोचा पाऊस. अंगठा फसवून घेतला हे मिस्तोच्या लेकीने कुराणावर हात ठेवून सांगितलं, की बारा घरांच्या दाव्याला निदान वाट मिळत होती.

"मी नाही सांगणार," नारीन म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगणार. येईन, बसेन, विचारलं तर म्हणेन की मी नऊ वर्षांची होते, मला माहीत नाही. पण माझा बाप मूर्ख होता, असं सरकारच्या कागदावर मी लिहून देणार नाही."

"मूर्ख कोण म्हणतंय? भोळा म्हणायचं."

"त्रेचाळीस वर्षं काय म्हणत आलात ते मला सांगू नका काका. चहा नेऊन देणारी मीच होते."

ते खरंच होतं. मिस्तो तुरुंगातून परत आला तो दिवस तिला लख्ख आठवत होता. बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून गावातले सगळे पुरुष बसले होते. कोणी बोलत नव्हतं, कोणी साखरेला हात लावत नव्हतं. आणि मग तिचा बाप, हाडांचा सापळा झालेला, एकदम म्हणाला, अरे तुम्हाला सांगितलं का, तो मला काय म्हणाला आणि मी काय ऐकलं? आधी कोणाला कळेना. मग बारा घरांपैकीच एक असलेला रशो हसला, मग सगळे हसले, इतके हसले की डोळे पुसायला लागले. दहा वर्षांची नारीन तबक घेऊन दारात उभी होती. बाप स्वतःच्या मूर्खपणावर खिदळतोय आणि अख्खी खोली त्याला हसतेय. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कधी सरळ बोलली नाही. मरेपर्यंत त्याची भाकरी भाजली, कपडे धुतले, पण सरळ बोलली नाही.

"तुझ्या एका हट्टापायी बारा घरांची जमीन जाईल," काका म्हणाले. आता आवाजात गोडवा नव्हता.

"बारा घरांना हसायला माझा बाप पुरला. आता जमीन सोडवायलाही तोच का?"

"पोरी, दुसरं काही नाहीये आपल्याकडे. मूळ कागद जळाला. एक्याण्णवला कचेरी पेटली तेव्हाच गेला."

"मग बरंच झालं. उठा त्या पोत्यावरून, मला गहू भरायचाय."

काका उठले. जाताना ते नेहमीसारखं काहीतरी चावरं बोलतील म्हणून ती थांबली, पण ते सरळ गाडीकडे गेले.

*

मिनीबसमध्ये कोणी तिच्या शेजारी बसलं नाही. तिला ते बरंच वाटलं. तिने पुढची जागा धरली, खिडकी उघडली आणि तालुक्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. मागे रशोचा नातू मुद्दाम मोठ्याने म्हणाला की आज बारा घरं एका बाईच्या पदराला बांधली आहेत. ती म्हणाली, "पदर माझा आहे, गाठ तुम्ही मारलीत." बसमध्ये दोन बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

कचेरीत पंखा होता, पण वीज नव्हती. म्हणून दार सताड उघडं होतं आणि अख्खं गाव बाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभं होतं. आत एका टेबलामागे शिलान नावाची तरुण बाई होती, समितीची चिटणीस. तिने नारीनला आणि तेमेरकाकांना खुर्च्या दिल्या.

"आज मी फक्त जबाब घेणार आहे," ती म्हणाली. "निकाल समिती देईल. तुमची हरकत काय आहे ते ताईंनी सांगायचं असं ठरलंय ना?"

काकांनी नारीनकडे पाहिलं. नारीनने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. नकाशावर पट्टी होती, तिला आकडे होते. रानांची नावं एकही नव्हती.

"मला काही सांगायचं नाही," नारीन म्हणाली. "मला तो कागद बघायचाय, ज्यावर माझ्या बापाचा अंगठा आहे."

बोळात कुजबूज झाली. काका खाकरले.

"तो जळाला, मॅडम. हिला सांगितलंय मी."

"इथला जळाला," शिलान म्हणाली. "पण एक प्रत सैन्याच्या दप्तरात होती. गेल्या महिन्यात आली." तिने फाईल उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. "माझी मात्र पंचाईत आहे. माझं अरबी शाळेपुरतं. नावं कशीबशी लागतात, बाकीचं हे गिचमिड अक्षर काही लागत नाही. काका, तुम्ही सैन्यात होतात म्हणे. वाचता का?"

काकांनी लगेच हात पुढे केला नाही. आधी खिशातून चष्मा काढला. मग तो डोक्याला गुंडाळलेल्या जामान्याच्या टोकाने पुसला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नारीनला वाटलं, म्हातारा आज नाटकच करतोय.

"वाचा की काका," ती म्हणाली. "फौजेत शिकलात ते आज कामी येऊ दे."

काकांनी कागद घेतला.

"तारीख आहे. एकोणीसशे एकोणऐंशी, जुलैची नऊ. झेवाशीन गावचे खालील कुटुंबप्रमुख आपली जमीन लष्करी विमानतळासाठी राजीखुशीने देत आहेत." ते थांबले. "खाली नावं आहेत. दोन, रशो अवदल. तीन, चेतो सलमान. चार..."

"एक कोण?" नारीनने विचारलं.

"अं?"

"तुम्ही दोनपासून सुरू केलंत. एक कोण?"

"एक पुसट आहे."

शिलानने टेबलावरून वाकून बघितलं. "पुसट कुठे आहे? मिस्तो हसन. नीट आहे की." तिने कागद स्वतःकडे फिरवला. "पण नावापुढे अंगठाच नाहीये."

नारीन उठली. तिला अक्षर येत नव्हतं, मोजता येत होतं. वरून खाली बारा ओळी होत्या. पहिल्या ओळीपुढचा चौकोन कोरा होता. त्याखाली निळे जांभळे अंगठे होते, एकाखाली एक, काही नीट उठलेले, काही सरकलेले. दहा. आणि मध्ये एका ओळीत अंगठा नव्हता, सही होती, लांब झोकदार.

"ही कोणाची?" तिने सहीवर बोट ठेवलं.

"काय सुंदर अक्षर आहे," शिलान म्हणाली आणि अक्षरं लावू लागली. "ते... तेमेर. तेमेर..." पुढे तिने वाचलं नाही. तिने काकांकडे पाहिलं.

बोळातली माणसं दारापाशी सरकली.

"गिरणीवर होतात ना हो तुम्ही?" नारीन म्हणाली.

काकांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"पहिल्या नावापुढे समासात काहीतरी लिहिलंय," शिलान हलक्या आवाजात म्हणाली. "हे मला लागत नाही. काका?"

काकांनी चष्मा न लावताच सांगितलं. त्यांना वाचायची गरज नव्हती.

"नकार दिला. ताब्यात घेऊन रवाना."

बाहेर रस्त्यावर एक ट्रॅक्टर गेला.

मग नारीन हसायला लागली. ते हसू तिला आवरेना. त्रेचाळीस वर्षं! छत्र्या, शाई, ओल, आणि ऐन लग्नातली ती टाळ्या पिटणारी माणसं! तिला त्यातल्या एकेकाचं मानगूट धरून हा कोरा चौकोन नाकासमोर धरावासा वाटत होता. ती वळली आणि उघड्या दाराकडे तोंड करून म्हणाली,

"ऐकलंत का रे? माझ्या बापाने अंगठा दिला नाही! रशोच्या नातवा, कुठे लपलास? तुझ्या आज्याचा आहे बघ, चांगला ठसठशीत उठलाय. काका, वाचा पुढे. मोठ्याने वाचा, सगळी नावं. बोळातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाऊ दे."

"ताई, बसा," शिलान म्हणाली. "एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमच्या वडिलांनी दिलं नाही, म्हणजे तुमचा तुकडा तुमचाच, असं मी लिहू शकते. पण मग बाकी अकरांचं काय? फसवणूक तर दिसत नाही इथे. पहिल्याने नकार दिलेला बघूनसुद्धा त्यांनी दिलंय. एकाने तर वाचून सही केली आहे. राजीखुशीचंच झालं की ते."

बोळात कोणीतरी हाय खाल्ल्यासारखा आवाज केला.

"राजीखुशी," काका म्हणाले. शब्द जिभेवर फिरवून बघावा तसं. मग ते नारीनकडे वळले. "पोरी, तुला तो ट्रक आठवतो?"

"कुठला ट्रक?"

"हिरवा. अक्रोडाच्या झाडाखाली उभा होता."

ट्रक तिला आठवत होता. ट्रक गावातल्या सगळ्याच पोरांना आठवत होता. सैनिकांनी पोरांना ट्रकमध्ये चढवलं होतं, फिरवून आणतो म्हणाले होते. बिस्किटं दिली होती, चौकोनी, कडेला दाते असलेली. उन्हात पत्रा तापला होता आणि पोरं एकमेकांच्या मांडीवर बसून हसत होती. ट्रक बराच वेळ नुसता गुरगुरत उभा होता. मग त्यांना उतरवलं, आणि फिरवलं नाही म्हणून ती रडली होती.

"आम्ही बारा जण खुर्च्यांवर होतो," काका म्हणाले. "बंदूक कोणी रोखली नाही. चहा दिला आम्हाला, आमच्याच घरचा. अधिकारी म्हणाला, सह्या झाल्या की पोरं उतरतील, नाही झाल्या तर ट्रक दक्षिणेला वाळवंटात जाईल, परत यायचा नाही. एवढंच म्हणाला, आवाजसुद्धा चढवला नाही. मिस्तोचं नाव पहिलं होतं. मिस्तो म्हणाला, नाही."

"मी आत होते," नारीन म्हणाली.

"तू आत होतीस."

"आणि तो नाही म्हणाला."

"दोनदा विचारलं त्याला. दोन्ही वेळा नाही म्हणाला. त्याला तिथूनच नेलं. मग रशोने उठवला अंगठा, मग चेतोने. मी वाचलं, मला सगळं कळत होतं, मी सही केली. अधिकारी म्हणाला, वा, काय अक्षर आहे." काकांनी मांडीवरचा चष्मा मिटला. "ट्रकमधून एकवीस पोरं उतरली. बापाने नकार दिला म्हणून तुला वेगळं कोणी ठेवून घेतलं नाही. आमच्या अंगठ्यांवर तूसुद्धा उतरलीस."

नारीन खुर्चीवर बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. बापाने अंगठा दिला नाही, म्हणून आत्ता तर ती उड्या मारत होती. आणि तो नाही म्हणाला तेव्हा ती ट्रकमध्ये बिस्किट खात होती. तिला त्याचा राग आला, खरा, नवा राग, कबरीतून उठवून जाब विचारावा असा. आणि त्याच वेळी चौदा महिने तो आत काय विचार करत बसला असेल, हेही तिला दिसलं.

"मग तो पाऊस?" तिने विचारलं. "तो कुठून आला?"

"तो परत आला तेव्हा आम्हाला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आम्ही दिली होती ना जमीन. आणि त्यालाही आमच्याकडे बघवत नव्हतं, त्याची पोर आम्ही उतरवली होती ना. तू चहा आणलास, कोणी घेईना. असंच चाललं असतं तर गाव फुटलं असतं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मग त्यानेच ते काढलं, मतार आणि मतर. रशोला आधी कळलं तो काय करतोय. रशो हसला. मग आम्ही हसलो." काकांनी चष्मा खिशात ठेवला. "हसलो म्हणून एकमेकांच्या घरी जेवता आलं. पुढे पुढे आम्हालाही तेच खरं वाटायला लागलं. मला तर गिरणीचा आवाजसुद्धा आठवतो."

"तो गेल्यावर तरी सांगायचं होतंत मला," नारीन म्हणाली. "सोळा वर्षं झाली. एकदा यायचं होतं, गहू उकडते तेव्हा, वाटी घेऊन. सांगायचं होतं आणि जायचं होतं. मी त्याच्याशी बोलत नव्हते काका. तुम्हाला सगळ्यांना दिसत होतं, मी त्याच्याशी बोलत नव्हते."

काकांनी मान खाली घातली. तिने त्यांना सोडवलं नाही.

शिलानने पेन उचललं होतं आणि तसंच धरून ठेवलं होतं. "काका," ती म्हणाली, "ट्रकचं पुन्हा सांगा. सावकाश. मला ते शब्दन् शब्द लिहायचंय."

"कशाला?"

"पोरं ओलीस धरून घेतलेल्या सहीला राजीखुशी म्हणत नाहीत म्हणून. पण तेव्हा तिथे असलेल्या कोणीतरी ते सांगायला हवं. अकरांतलं अजून कोण आहे?"

"मी एकटाच," काका म्हणाले. त्यांनी दाराकडे पाहिलं. बोळात त्यांची दोन्ही मुलं होती, सुना होत्या, नातवंडं होती. ज्या गावाला त्यांनी त्रेचाळीस वर्षं हसवलं ते सगळं गाव होतं. "हे लिहिलंत की आम्ही घाबरलो असं लिहिलं जाईल."

"घाबरलातच," नारीन म्हणाली. "एकवीस पोरांसाठी घाबरलात, त्यात कसली आली लाज? उठा, हवं तर दाराकडे तोंड करून सांगा. पण सांगा. माझा बाप तुमच्यावर पांघरूण घालून गेला, मी घालणार नाही."

काका उठले नाहीत. पण त्यांनी सांगितलं, पहिल्यापासून, पोरांच्या नावांसकट. एकवीसच्या एकवीस नावं त्यांना पाठ होती. बोळातून मधेच कोणीतरी, हो, मी होते, असं म्हणालं, कोणीतरी नाक ओढलं. शिलान लिहीत राहिली. जिथे चुकलं तिथे तिने खोडून परत लिहिलं. चार पानं झाली.

"हे समितीपुढे ठेवते," शेवटी ती म्हणाली. "काय होईल ते मी सांगू शकत नाही. विमानतळ पाहिजे म्हणणारे लोक मोठे आहेत." मग तिने खणातून छापील कागद काढला. "आता नव्या कामाबद्दलचं. प्रत्येक घराचं वेगळं लिहून घ्यायचंय, संमती किंवा नकार. आधीच सांगते, नकार देणाऱ्यांवर दडपण येईल. कोणी फोन करेल, कोणाच्या मुलाची बदली होईल. घरी जाऊन विचार करून आलात तरी चालेल."

"आत्ताच लिही," नारीन म्हणाली. "नकार."

"कारण काय लिहू?"

"कारण त्यांनी द्यावं. माझं रान आहे, मी नाही म्हणतेय."

शिलानने लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. बरोबर शाईची डबी ठेवली.

"नाही म्हणायलाही अंगठा लागतो होय?" नारीनने विचारलं.

"लागतो ताई. नाहीतर तुम्हीच नाही म्हणालात हे कळायचं कसं?"

नारीनने बाही वर सारली. अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर असा दाबला की टेबल करकरलं. उठलेला ठसा तिने वाकून पाहिला. सगळ्या रेघा आल्या होत्या.

"तिच्याखाली माझं घ्या," तेमेरकाका म्हणाले. "तेच लिहा. नकार."

शिलानने दुसरी ओळ भरली आणि त्यांच्यापुढे पेन धरलं. काकांनी पेनकडे पाहिलं, ते हाताने बाजूला केलं आणि शाईची डबी स्वतःकडे ओढली. अंगठा एकदा चौकोनाच्या बाहेर गेला, पुन्हा आत आला. कागद हलू नये म्हणून नारीनने तो दोन्ही बाजूंनी दाबून धरला.